ओएटीचा आकडा सहा अंशांनी चढा : प्रोब मागवला आधी, मोजमाप केलं नंतर

७ एप्रिल, सोमवार. सकाळच्या पहिल्या सॉर्टीनंतर इन्स्ट्रक्टरने टेक-लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, दोन ओळी लिहिल्या : ‘ओएटी जास्त. ४,५०० फुटांवर ३१. परतताना दोनदा लाल फुली.’ ओएटी म्हणजे बाहेरच्या हवेचं तापमान; आकडा मिळेनासा झाला की पॅनलवर त्याच्या जागी लाल फुली येते. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा अधिकृत अहवाल, त्या वेळी ३० अंश सांगत होता. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर. हजार फुटांमागे साधारण दोन अंश उतरतात, म्हणजे ४,५०० फुटांवर २५ च्या आगेमागे आकडा हवा होता. सहा अंश जास्त होते.

विमान चार आसनी, पंख वर असलेलं, एका इंजिनाचं, ग्लास कॉकपिटचं. ओएटी मोजणारा प्रोब, म्हणजे सेन्सर असलेली छोटी दांडी, उजव्या पंखाच्या खालच्या अंगाला. त्याच्या तारा पंखाच्या मुळाशी एका छोट्या गोल कनेक्टरमधून केबिनमध्ये येतात आणि पॅनलमागच्या एअर डेटा युनिटला लागतात. सगळी यंत्रणा एवढीच. तरी ती दुरुस्त व्हायला दहा दिवस लागले. त्यातले निम्मे दिवस आमच्याच घाईने गेले.

सहा अंशांनी काय बिघडतं, असं विचारणारे असतात. वेगाच्या हिशेबात फारसं नाही. खरा हवाई वेग, म्हणजे टीएएस, तापमानाच्या वर्गमुळाने बदलतो. ११० नॉटला सहा अंशांची चूक जेमतेम एक नॉट देते. डेन्सिटी अल्टिट्यूडचं, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणाऱ्या उंचीचं, तसं नाही. तिथे एका अंशाला साधारण १२० फूट पडतात, म्हणजे सहा अंशांना सातशेच्या वर. एप्रिलच्या दुपारी पारा ४० ला टेकला की लोहगावच्या उंचीवरचं विमान पाच हजार फुटांवर असल्यासारखं उडतं. त्यात आणखी सातशेची गफलत म्हणजे टेक-ऑफचा तक्ता वाचण्यात अर्थ उरत नाही. आणि लाल फुली आली की टीएएस जातो, त्याच्यामागोमाग पॅनलवरचा वाऱ्याचा बाणही जातो, कारण तो टीएएसवरूनच निघतो. वाऱ्याचा बाण गेला अशी तक्रार आली की जीपीएसकडे धावू नका, आधी ओएटीचा आकडा बघा.

आमच्या एमईएलमध्ये, म्हणजे कोणता दोष घेऊन किती दिवस उडता येतं त्या यादीत, ही बाब ‘सी’ वर्गात आहे. ‘बी’ला ३ दिवस, ‘सी’ला १०, ‘डी’ला १२०, दोष नोंदला तो दिवस मोजायचा नाही. म्हणजे १७ एप्रिलची मध्यरात्र. त्यानंतर विमान जमिनीवर. नोंद पुढे ढकलली, पॅनलवर ‘चालू नाही’चं लेबल लावलं, आणि पायलटांनी मेटारवरून तापमान घ्यायचं ठरलं.

८ एप्रिल. पहाटे साडेसहाला हँगरमध्ये. तापमानाची तक्रार तपासायची तर हीच वेळ. रात्रभर सावलीत उभं असलेलं विमान, त्याची कातडी, प्रोब आणि आजूबाजूची हवा सगळे एकाच तापमानाला आलेले असतात. ऊन खाल्लेल्या विमानात प्रोब दहा अंश जास्त दाखवतो आणि तो दोष नसतो; टॅक्सी करून हवेत गेल्यावर दोन-तीन मिनिटांत आकडा खाली येतो. दुपारी एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, उभं राहून ‘ओएटी चुकतंय’ म्हणणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच निकालात निघतात.

प्रोबच्या शेजारी, पंखाला न टेकवता, थर्मामीटर वीस मिनिटं लटकवला. तो म्हणाला २२, पॅनल म्हणालं २८. मास्टर चालू करून पाचच मिनिटं झाली होती, त्यामुळे पॅनलच्या गरमीचा प्रश्न नव्हता.

इथे आम्ही चूक केली. सहा अंश चढा आकडा, मधूनच फुली : ‘प्रोब गेला’ असं म्हणून मोकळे झालो आणि त्याच दुपारी नवीन प्रोबची ऑर्डर टाकली. प्रोब बाहेरून येतो. ३१,४०० रुपये, वर मालवाहतूक, वर कस्टम्स. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांवर सरसकट ५ टक्के आयजीएसटी आहे, हे त्यातल्या त्यात बरं. त्याआधी कोणता भाग कोणत्या एचएसएन करकोडमध्ये बसतो यावर ५ पासून २८ पर्यंत काहीही लागू शकायचं. पण सवलतीला अटी आहेत, आणि भाग विमानाचाच आहे हे कागदावर दाखवावं लागतं. ऑर्डर देतानाच इनव्हॉइसवर विमानाचा प्रकार आणि पार्ट नंबर टाकायला सांगा, आणि सोबत अमेरिकी एफएएचा ८१३०-३ किंवा युरोपच्या ईएएसएचा फॉर्म १ हा वापरयोग्यतेचा दाखला येणार आहे याची लेखी खात्री घ्या. तो कागद नसेल तर माल हातात असूनही विमानाला लावता येत नाही. पुरवठादाराने मुदत सांगितली तीन ते चार आठवडे. १७ तारीख कुठे आणि मे कुठे. मग हात बांधून बसण्यापेक्षा मोजायला घेतलं, जे आधीच करायला हवं होतं.

मोजायला घेतलं आणि कळलं की हँगरमधल्या चांगल्या मल्टिमीटरचं कॅलिब्रेशन ३१ मार्चलाच संपलंय. स्टिकरवर तारीख ठळक होती, आठवडाभर कोणाच्या डोळ्यांत आली नव्हती. अशा मीटरने घेतलेला आकडा वर्क ऑर्डरवर चढवता येत नाही. ९ एप्रिलला मीटर भोसरीकडच्या एका एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. १,८०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१२४. शुक्रवारी, ११ तारखेला, संध्याकाळी प्रमाणपत्रासकट परत मिळाला. प्रयोगशाळेला ओहमची २०० ची रेंज आवर्जून तपासायला सांगा. न सांगितल्यास व्होल्टचेच बिंदू जास्त घेतले जातात, आणि आपल्याला कामाची असते ती ओहमची रेंज.

मधल्या दिवसांत तपकीर गल्लीत जाऊन रेझिस्टर आणले. प्रोबच्या जागी ठरावीक ओहम लावले की युनिटने ठरावीक तापमान दाखवायलाच हवं. युनिट बरं की वाईट हे दहा मिनिटांत कळतं. दुकानदाराला अचूक रेझिस्टर विचारले.

“साहेब, एक टक्केवाला हातोहात घेऊन जा. पॉइंट एकवाला मागवावा लागतो, आठवडा धरा.”

एक टक्का ऐकायला बरा वाटतो. पण १०० ओहमचा एक टक्का म्हणजे एक ओहम, आणि आमच्या प्रोबच्या भाषेत एक ओहम म्हणजे २.६ अंश. तरी घेतले, १०० चे दहा आणि १५ चे दहा, मिळून चाळीस रुपये. मीटर परत आल्यावर एकेक मोजला. १०० चे ९९.३ पासून १००.४ पर्यंत निघाले. त्यातला नेमका १००.० वेगळा काढला, तसाच एक १५.० चा. आठवडा वाचला.

आता प्रोबबद्दल. आमचा पीटी १०० आहे, म्हणजे प्लॅटिनमची तार, ० अंशाला १०० ओहम. पुढचे आकडे पॅनलवर चिकटवून ठेवावेत असे : २० अंशाला १०७.७९, २५ ला १०९.७३, ३० ला १११.६७, ३५ ला ११३.६१, ४० ला ११५.५४. म्हणजे अंशाला ०.३९ ओहमच्या आसपास. इतक्या बारीक फरकावर सगळं चालतं, त्यामुळे तारांचा स्वतःचा रोधही हिशेबात येतो. २२ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरला ०.०५३ ओहम पडतात. आमच्या विमानात युनिटपासून प्रोबपर्यंत पाच मीटर. एका तारेचे ०.२७, जाऊन-येऊन ०.५३ ओहम. नुसत्या तारेनेच सव्वा अंशाची चूक. ती काढून टाकायला प्रोबला दोन नाही, तीन तारा असतात.

एक तार प्रोबच्या एका टोकाला, दोन तारा दुसऱ्या टोकाला. आमच्या केबलमध्ये पांढरी, निळ्या रेघेची पांढरी आणि नारिंगी रेघेची पांढरी. पांढरी एकटी; निळी आणि नारिंगी प्रोबच्या तोंडाशी एकत्र. युनिट पांढरीच्या वाटेतल्या रोधातून एका जोडतारेच्या वाटेतला रोध वजा करतं आणि उरतो तो नुसत्या प्रोबचा. हे जमतं ते तिन्ही तारा सारख्या असतील तोवर. यातूनच निदानाची किल्ली मिळते : एकट्या तारेत कुठे जास्तीचा रोध आला तर आकडा चढतो. वजाबाकीच्या तारेत आला तर आकडा उतरतो. तिसऱ्या तारेतून नुसता परतीचा प्रवाह जातो किंवा नुसतं व्होल्टेज वाचलं जातं. तिच्यात ओहम-दोन ओहम आले तरी आकडा हलत नाही, ती पूर्ण तुटली की मगच फुली येते. तक्रार ‘कमी दाखवतंय’ अशी असेल तर ती जास्त गंभीर घ्या, कारण तेव्हा पायलटला डेन्सिटी अल्टिट्यूड खरीपेक्षा कमी दिसते आणि धावपट्टी पुरेल असं वाटतं.

१२ एप्रिल, शनिवार, पुन्हा पहाटे. बॅटरी सोडवली, कंट्रोल व्हीलला ‘काम चालू’चा लाल फ्लॅग बांधला. एअर डेटा युनिट ज्या ट्रेमध्ये आहे तिथपर्यंत हात पोचतो, पण युनिट बाहेर ओढायचा मोह आवरा. त्याला हवेचा दाब आणणाऱ्या पिटो आणि स्टॅटिकच्या नळ्या जोडलेल्या असतात. नळी एकदा सुटली की लीक चेक आलाच, त्याची टेस्ट सेट मागवा, तिची कॅलिब्रेशन तारीख बघा, अर्धा दिवस गेला. फक्त विजेच्या कनेक्टरचे दोन स्क्रू सोडून तो मागे घेतला.

आधी युनिटची परीक्षा. जादाच्या पिना वापरून एक छोटा चाचणी-प्लग बनवला : पांढरीच्या जागी आणि निळीच्या जागी यांमध्ये १०० ओहम, निळी आणि नारिंगी एकमेकींना शॉर्ट. बॅटरी जोडली, मास्टर चालू. पॅनल : ०. मग १०० ला १५ जोडून ११५ केले. पॅनल : ३९. तक्ता ३८.६ सांगतो. युनिट निर्दोष. युनिट बदलायची भाषा ज्यांच्या तोंडी होती ते इथे गप्प झाले; त्याची किंमत प्रोबच्या कितीतरी पट आहे.

मग बॅटरी पुन्हा सोडून तारांकडे वळलो. मीटरच्या लीड्स एकमेकींना टेकवून आधी शून्य करा. साध्या लीड्सचा ०.२ ते ०.३ ओहम असतो, तो तसाच राहिला तर पाऊण अंश गेला. आणि कनेक्टर युनिटला लागलेला असताना मोजू नका. युनिटच्या आतल्या सर्किटमधूनही प्रवाह जातो आणि मीटर भलतंच सांगतो.

थर्मामीटर २२. त्या तापमानाला प्रोब १०८.६ हवा, तारांसकट १०९.१. मीटर म्हणाला :

पांढरी–निळी : १११.४
पांढरी–नारिंगी : १११.४
निळी–नारिंगी : ०.५

निळी-नारिंगी अगदी हिशेबाप्रमाणे. पांढरी मात्र दोघींशी सारखीच २.३ ओहमने जास्त. २.३ भागिले ०.३९ म्हणजे सहा अंशांच्या जवळ. ८ तारखेला पॅनलने दाखवलेला फरक आणि मीटरचा फरक एकच. दोष पांढऱ्या तारेत, नाहीतर प्रोबच्या आत.

मीटर किमान-कमाल नोंदवण्याच्या मोडवर टाकला आणि मदतनीस मुलाला बाहेर पाठवलं. प्रोबवर बोटाने टिचक्या, मग पंखाच्या तपासणी-झाकणांतून हात घालून दर वीतभर अंतरावर केबल हलवत मुळापर्यंत यायचं. टिचक्यांनी काही झालं नाही. केबलनेही नाही.

“सर, इथे मुळाशी नुसतं दाबलं तरी...”

१११.४ चे ११३ झाले, मग मीटरवर ओएल, म्हणजे वाट तुटल्याची खूण. हात काढला, परत १११. प्रोबची ऑर्डर चार दिवसांपूर्वीच गेली होती. त्या क्षणी कोणी कोणाकडे बघितलं नाही.

ज्यांच्याकडे वेळ आणि उघडायला सोपं फेअरिंग, म्हणजे पंखाच्या मुळावरचं झाकण, असेल त्यांनी खरं तर सुरुवात मधूनच करावी. वाटेतला मधला कनेक्टर सोडायचा, दोन्ही बाजू मोजायच्या, अर्धी वाट तिथेच सुटते. आमचं फेअरिंग सीलंटने बसवलेलं, स्क्रूंचे माथे रंगाने बुजलेले, म्हणून युनिटकडून सुरू केलं. ते स्क्रू काढायला पाऊण तास गेला. काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर फेअरिंगची आकृती काढून त्याच जागी टोचून ठेवा, लांब-आखूड असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आत विमान झुकवणाऱ्या एलेरॉनची केबल आहे.

१३ एप्रिल, रविवार. दोष मुळाशी दिसत होता, तरी प्रोब बरा असल्याचा पुरावा हवा होता. त्यासाठी बर्फ. उकळत्या पाण्याची चाचणी करू नका. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं, आणि हवेचं तापमान मोजणारे बरेच प्रोब तेवढ्या गरमीसाठी बनवलेलेच नसतात. बर्फाचा बिंदू मात्र पुण्यातही ० च.

पण बर्फ शुद्ध पाण्याचा हवा. रसवंतीवरून किंवा गोळेवाल्याकडून आणलेली लादी चालत नाही; कारखान्यात बर्फाचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवून गोठवतात, थोडं मीठ आत उतरलं तरी बिंदू खाली सरकतो. बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं, ते आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये ट्रेमधून गोठवलं. सकाळी फडक्यात बांधून लाटण्याने बारीक केलं, एक लिटरच्या स्टीलच्या थर्मासमध्ये गच्च भरलं आणि फटी बुजतील एवढंच गार डिस्टिल्ड पाणी ओतलं. बर्फ तरंगायला लागला की पाणी जास्त झालं. तळाशी ४ अंशांचं पाणी साठतं आणि प्रोबचं टोक नेमकं तिथेच जातं.

पहिल्यांदा आळस केला. प्रोब पंखातच ठेवून थर्मास शिडीवर चढवून खालून टेकवला. मीटरच्या हिशेबाने आले २ अंश. प्रोब चुकीचा नव्हता. त्याचं टोकच बुडत होतं आणि बाकीचा दांडा पंखाच्या गरम पत्र्यातून उष्णता ओढत होता. मग नट सोडून प्रोब खाली घेतला, दांड्यासकट बुडवला, हलवत पंधरा मिनिटं थांबलो. मोजणी पंखाच्या मुळाशी, प्रोबकडच्या अर्ध्या कनेक्टरवर : पांढरी–निळी १००.३, निळी–नारिंगी ०.२. वजा केले तर १००.१. आयईसी ६०७५१ मधल्या ‘बी’ वर्गाला ० अंशावर ±०.३ अंशाची, म्हणजे ०.१२ ओहमची मुभा आहे. प्रोब पास. ३१,४०० रुपयांचा त्याचा जोडीदार वाटेत होता.

ज्यांच्या विमानात पीटी १०० नाही त्यांच्यासाठी इथेच दोन शब्द. बऱ्याच जुन्या डिजिटल ओएटी घड्याळांत आणि इंजिन मॉनिटरमध्ये एडी५९० जातीचा सेन्सर असतो. त्याला दोनच तारा आणि त्याचा ओहम मोजण्यात अर्थ नाही. तो केल्विनमागे एक मायक्रोअँपिअर सोडतो : २५ अंशांना २९८, ३० ला ३०३. त्याला ९ व्होल्टची बॅटरी द्या, मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्यावरचे मिलिव्होल्ट वाचा. ३०३ मिलिव्होल्ट म्हणजे ३०३ केल्विन. २७३ वजा करा, ३० अंश. उलटी जोडणी मात्र करू नका. या जातीत तारेचा ओहम-दोन ओहमचा रोध आकडा बिघडवत नाही. तिथे शत्रू म्हणजे ओल, कारण ओलसर कनेक्टरमधून गळणारे चार-पाच मायक्रोअँपिअर म्हणजे तेवढेच अंश. कोणता सेन्सर आहे ते मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय मीटर लावू नका.

१४ एप्रिल. आंबेडकर जयंतीची सुट्टी. स्टोअर बंद, त्यामुळे पिनांचा पत्ता नाही. कनेक्टर मात्र उघडला.

मागचा क्लॅम्प काढला, विमानाच्या बाजूची पांढऱ्या तारेची पिन एक्स्ट्रॅक्शन टूलने बाहेर घेतली. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तार पिनमध्ये नीट बसलेली, इन्सुलेशन शाबूत. दहापट भिंगाखाली धरून तार हलकेच वाकवली तेव्हा इन्सुलेशनच्या कडेला, पिनच्या तोंडाशी, बारीक हिरवट-पांढरी पूड दिसली. इन्सुलेशन कापून मागे सारलं. २२ गेजच्या तारेत १९ पदर असतात. एकोणीसच्या एकोणीस तुटलेले होते. त्यांची टोकं एकमेकांना टेकून उभी होती, आणि तेवढ्या टेकण्यावर विमान कोण जाणे किती तास उडत होतं.

पदर तुटत जातात तेव्हा आकडा हळूहळू चढतो असं बरेच जण समजतात. तसं होत नाही. तीन पदर जरी शिल्लक असते तरी त्या दोन मिलिमीटरच्या तुकड्याचा रोध मिलिओहममध्येच राहिला असता, आणि पॅनलला पत्ताही लागला नसता. शेवटचा पदर तुटेपर्यंत सगळं ठीक दिसतं, नंतर एकदम ओहम, नंतर फुली.

तुटायचं कारण दोन सेंटिमीटरवर होतं. केबल प्लॅस्टिकच्या टायने फ्रेमला इतकी आवळली होती की कनेक्टरपर्यंत सैलपणा उरलाच नव्हता. पंख लवतो, इंजिन थरथरतं, आणि ती सगळी हालचाल पिनच्या तोंडाशी, जिथे क्रिंप, म्हणजे तारेवर दाबून बसवलेला पिनचा भाग, संपून मोकळी तार सुरू होते, तिथे येऊन थांबते. शिवाय केबल वरून सरळ कनेक्टरमध्ये उतरत होती. गेल्या पावसाळ्यात फेअरिंगच्या सीलमधून शिरलेलं पाणी तारेवरून वाहत थेट पिनांपर्यंत पोचलं असणार. हिरवी पूड त्याचीच.

१५ एप्रिल. स्टोअरमध्ये योग्य पार्ट नंबरच्या पिना होत्या, पण त्यांच्या पुडीवरचा बॅच नंबर आणि सर्टिफिकेट ऑफ कॉन्फॉर्मन्स (सीओसी) जुळवण्यात तास गेला. पिन ही स्टँडर्ड पार्टमध्ये येते, तिला सीए फॉर्म १ हा भारतीय नियामकाचा दाखला लागत नाही. पण सीओसी लागतंच, आणि ती पिन कनेक्टरच्या मॅन्युअलमध्ये असायला हवी. पाच पिनांचं पाकीट १,७०० रुपये.

काम वीस मिनिटांचं. टाय कापल्यावर चार सेंटिमीटर तार सैल झाली, त्यामुळे जोड घालावा लागला नाही. खराब तुकडा कापला आणि नवी कड तपासली. तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे जायचं, काळपट पदर क्रिंप करायचा नाही. एम२२५२०/२-०१ जातीचा क्रिंपर, पिनला सांगितलेला पोझिशनर, तारेच्या गेजप्रमाणे सिलेक्टर. बाजारातल्या साध्या पकडीने दाबलेली पिन आज चालते आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा हेच काम काढते. क्रिंपनंतर पिनच्या तपासणी-भोकातून पदर दिसायला हवेत, आणि इन्सुलेशनची कड पिनच्या तोंडापासून मिलिमीटरच्या आत. आधी तुकड्यावर एक क्रिंप करून ओढून बघितली, मग खरी केली. पिन घालताना ‘टिक’ असा आवाज येतो; तरी हलकेच मागे ओढून खात्री करायची. निळी आणि नारिंगी पिनाही त्याच दमात बदलल्या, कारण त्यांचं आयुष्य पांढरीइतकंच झालं होतं.

शील्डही, म्हणजे तारांभोवतीची धातूची जाळी, बघून घेतली. ती युनिटच्या बाजूला एकाच टोकाला अर्थला, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला, लागलेली हवी. दोन्ही टोकांना लागली तर लँडिंग लाइट लावल्यावर किंवा रेडिओवर बोलताना आकडा उडी मारतो. आमची एकाच टोकाला होती.

केबल परत बांधताना प्लॅस्टिकचा टाय नाही, लेसिंग कॉर्ड, म्हणजे हाताने बांधायचा दोरा. आणि कनेक्टरच्या खाली झोका पडेल असा सैल वळसा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जातं. प्रोब परत बसवताना नवं वॉशर, पॉलिसल्फाइड सीलंटची बारीक रेघ. मोजणी : थर्मामीटर २३, पांढरी–निळी १०९.५, निळी–नारिंगी ०.५. पॅनल : २३.

फेअरिंग बसवण्याआधी कंट्रोल केबलभोवती काही अडकत नाही ना, हे दुसऱ्या माणसाकडून बघून घेतलं, एलेरॉन दोन्ही टोकांपर्यंत फिरवून. आमच्या सीएआर-१४५ (देखभालीची मान्यता असलेल्या) संस्थेत एव्हिऑनिक्सच्या कामाला बी२ परवानाधारक एएमई, म्हणजे देखभाल अभियंता, सीआरएस, म्हणजे विमान सेवेत सोडण्याचा दाखला, देतो. वर्क ऑर्डरवर मीटरचा अनुक्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख, क्रिंपरची तारीख, पिनांचा बॅच, मॅन्युअलचं रिव्हिजन आणि मोजणीचे आकडे. ‘तपासलं, ठीक’ एवढंच लिहू नका. उद्या तीच तक्रार आली तर १०९.५ हा आकडा सोन्यासारखा असतो.

१६ एप्रिल. चाचणी-उड्डाण सकाळी दहाला ठेवलं, पहाटे नाही. पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर असतो, पहिल्या काही शे फुटांत वर जाताना तापमान वाढतं आणि उगाच शंका येते. ३,००० फुटांवर २९, ४,००० ला २७, ५,००० ला २५. हवेच्या घर्षणाने आणि दाबाने प्रोब थोडा तापतो, पण ११० नॉटला तो जेमतेम दीड अंश. तो दोषात धरू नका. रेडिओ, स्ट्रोब, लँडिंग लाइट एकेक लावून बघितले, आकडा जागचा हलला नाही. उतरल्यावर एमईएलची नोंद बंद केली, लेबल काढलं. एक दिवस शिल्लक होता.

खर्चाचा हिशेब : कॅलिब्रेशन २,१२४, पिना १,७००, रेझिस्टर ४०, डिस्टिल्ड वॉटर आणि सीलंट मिळून तीनशेच्या आत. दुरुस्तीचा खरा खर्च चार-सव्वाचार हजार. प्रोबची ऑर्डर रद्द करायला बघितलं, पण माल निघाला होता. तो ६ मेला आला, कागदांसकट, आणि स्टोअरमध्ये सुटा भाग म्हणून चढला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, त्याच जातीच्या दुसऱ्या विमानाचं उजवं फेअरिंग उघडलं. तिथेही प्लॅस्टिकचा टाय होता, तितकाच आवळलेला. तिन्ही तारांची मोजणी हिशेबात बसत होती. पांढरी पिन काढून भिंगाखाली धरली : एकोणीसपैकी सात पदर उरले होते.